मुंगीएवढा झटका

घड्याळजींच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन महिन्यांपासून बधिर झालं होतं. कणीएवढे स्क्रू चिमट्यातून निसटायचे आणि फरशीवर पडले की कायमचे बेपत्ता व्हायचे. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं अख्खं घड्याळच हातातून सुटलं, तेव्हा बायकोने त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नसांची तपासणी लिहून दिली. बोटांना अंगठ्यांसारख्या तारा घालायच्या, मनगटावर विजेचे झटके द्यायचे आणि संदेश नसेतून किती वेगाने धावतो ते पडद्यावर मोजायचं.

'वीज' म्हटल्यावर घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. शिवाय काही भलतंच निघालं तर दुकानाचं काय, हा घोर होताच.

तपासणीच्या दिवशी बायकोचे थोरले भाऊ न बोलावता सोबत आले. हे मेहुणे म्हणजे बस आगाराचे निवृत्त व्यवस्थापक. पाठदुखीची रजा मागणाऱ्या प्रत्येक चालकाला त्यांनी तीस वर्षं एकच उत्तर दिलं होतं, "सगळे असंच म्हणतात."

"अहो जावईबापू, मुंगी चावल्यासारखं होतं नुसतं," मेहुणे म्हणाले. "तुम्ही कधी करून घेतलीय?" घड्याळजींनी विचारलं. "करून कशाला घ्यायला पाहिजे? बघा, असं आडवं व्हायचं, बाही वर करायची, हात सैल सोडायचा. संपलं!" आणि मेहुण्यांनी तपासणीच्या खोलीतल्या खाटेवर आडवं होऊन दाखवलं.

घड्याळजींना हातावरचं तेल धुऊन यायला सांगितलं होतं. ते बाहेरच्या बेसिनकडे गेले आणि, भीतीपोटी म्हणा, एकेक बोट तीनतीनदा धुऊ लागले. तेवढ्यात आतल्या दाराने तपासणीवाल्या बाई आल्या. खाटेवर माणूस, बाही वर, हात सैल.

"घड्याळजी ना?"

"हो, त्यांचाच मी..."

"छान. हलू नका." पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. गार मलम फासलं गेलं, बोटांत तारा चढल्या आणि पहिला झटका बसला. मेहुणे खाटेवरून वीतभर उडाले.

"अहो, थांबा! मी पेशंट नाही!"

"सगळे असंच म्हणतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "अजून चौदा आहेत, मग दुसरा हात."

दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे मेहुण्यांनी आशेने पाहिलं. बाईंनी तिलाच विचारलं, "यांना कुरकुर करायची सवय आहे का?"

"लहानपणापासून," ती म्हणाली आणि पदराआड हसली.

ओले हात घेऊन घड्याळजी परतले. आतलं दृश्य पाहून ते क्षणभर थबकले. मग बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "होऊ दे पूर्ण. मध्येच तोडलं तर यंत्र बिघडतं," आणि बाकावर जाऊन आरामात बसले.

डॉक्टर कागद बघून गंभीर झाले. "दोन्ही मनगटांत नस दबलीय. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील."

"नाही, करंगळी," घड्याळजी म्हणाले.

"मग हा कागद कुणाचा?"

सगळ्यांच्या माना मेहुण्यांकडे वळल्या. डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत हातांना मुंग्या येतात? झटकत उठावं लागतं?"

मेहुण्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दोन वर्षं झाली."

"आणि सांगितलं नाहीस, दादा?" बहिणीचं हसू मावळलं.

"कुणाला सांगणार? ढोंग वाटलं असतं लोकांना." ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. "सकाळी सदऱ्याची बटणंसुद्धा लागत नाहीत गं."

घड्याळजींना आपण बाकावर आरामात बसलो होतो याची लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून ते स्वतःहून खाटेवर जाऊन पडले.

"मुंगीच ना हो, दादा?"

"मुंगी कसली? बैल आहे बैल! पण मी आहे इथे, घ्या हात."

एका हातात मेहुण्यांचा हात घट्ट धरून घड्याळजींनी दुसऱ्या हातावर पंधराच्या पंधरा झटके सोसले. नस कोपरापाशी दबली होती. "घाबरण्यासारखं काही नाही, सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "पण उजवं कोपर वाकवून रोज तासन्‌तास काय करता तुम्ही?"

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

"फोन धरतात," शेवटी तीच म्हणाली. "रोज संध्याकाळी दादाचा फोन येतो. दीड तास. हे बिचारे नुसतं 'हं' म्हणतात."

"मी यांच्या भल्याचंच सांगतो!" मेहुणे उसळले.

"भल्याचं थोडक्यात सांगा," डॉक्टर म्हणाले आणि दोघांनाही पट्टे लिहून दिले, एकाला कोपराचा, दुसऱ्याला मनगटांचे.

त्यानंतर चार दिवस मेहुण्यांचा फोन आला नाही. पहिल्या दिवशी घड्याळजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी दोनदा फोन उचलून बघितला, बंद तर नाही ना पडला. पाचव्या संध्याकाळी त्यांनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

"दादा, पट्टे लावता ना झोपताना? नाही? वाटलंच मला! आता मी काय सांगतो ते नीट ऐका..."

बायकोने भाजी निवडली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली. घड्याळजी बोलतच होते. पलीकडून अधूनमधून थकलेला आवाज यायचा, "हं."