सचिवांचा कर्सर

रंगराव जाधवांनी सोसायटीच्या फलकावर नोटीस लावली आणि तासाभरात हडपसरच्या त्या अख्ख्या इमारतीत ते चप्पलचोर म्हणून गाजले.

चूक साधीच होती. नोटिशीखाली नाव आणि हुद्दा टाकायला सूनबाईने, पूर्वाने, त्यांना सोसायटीच्या लॅपटॉपवर एक बटण करून दिलं होतं. मॅक्रो म्हणतात त्याला. बटण दाबलं की कर्सर असेल तिथे नाव उमटायचं. या वेळी कर्सर मध्यावरच राहिला आणि नोटीस निघाली ती अशी: "जिन्यातील चपला चोरणारा इसम आपला नम्र रंगराव जाधव, सचिव कॅमेऱ्यात सापडला आहे."

तिसऱ्या मजल्यावरच्या वैजनाथरावांना आयतं कोलीत मिळालं. "सहीनिशी कबुली दिलीत, मानलं हं तुम्हाला," ते लिफ्टमध्ये म्हणाले. "रविवारच्या सभेत नवा सचिव निवडू."

वर्षानुवर्षं जिवापाड सांभाळलेलं पद! रंगरावांना जेवण गोड लागेना.

पूर्वाने मॅक्रो दुरुस्त केला. आता तो आधी कर्सर कुठे आहे ते बघायचा आणि शेवटी असेल तरच नाव टाकायचा, नाहीतर पडद्यावर इशारा द्यायचा. रंगरावांनी ठळक करायला सगळा मजकूर निवडला आणि तसंच बटण दाबलं. निवडीचं टोक शेवटीच होतं, त्यामुळे मॅक्रोने हरकत घेतली नाही. नोटीस गडप झाली, नाव तेवढं उरलं. तिने ती वाट बुजवली, तर त्यांचा कर्सर पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत शिरला आणि पानोपानी 'आपला नम्र' झळकलं.

"बाबा, इतक्या नव्या नव्या चुका आणता कुठून हो?"

साधे इशारे सासरे न वाचताच 'ओके' दाबतात, हेही तिने हेरलं. तिचं माहेर सदाशिव पेठेतलं. तिने इशारे तिकडच्या वळणाचे केले.

"कर्सर मध्येच आहे. सही शेवटी करण्याची पद्धत आहे," असं पडद्यावर वाचून रंगराव हरखले. "काय डोकं आहे पोरीचं! यंत्रालासुद्धा टोमणे शिकवले!"

रविवारी वैजनाथराव सचिव झाले. आपली निवड पक्की धरून त्यांनी पूर्वाकडून बटणात स्वतःचं नाव आधीच घालून घेतलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर त्यांनी पहिली नोटीस टंकली, मधला एक शब्द सुधारला आणि तसंच बटण दाबलं.

"कर्सर मध्येच आहे. सही शेवटी करण्याची पद्धत आहे."

सभा खुसखुसली. त्यांनी घाईघाईने सगळं निवडून पुन्हा दाबलं.

"सगळं पुसून नुसतं आपलंच नाव ठेवायचंय? हौस दांडगी आहे."

तिसऱ्यांदा ते माथ्यावरच्या पट्टीत गेले. "फार वर चढलात. खाली या."

हशा आवरेना. वैजनाथराव लालबुंद झाले. "हे बटण काढून टाका, नाहीतर मी राजीनामा देतो!"

"बटण राहू द्या," तळमजल्यावरच्या मालनबाई म्हणाल्या. "बरं चाललंय त्याचं. सचिव बदला."

बोलणी खायची सवय असलेला माणूस सोसायटीत एकच होता. रंगराव एकमताने परत आले. पूर्वाने बटणात त्यांचं नाव घातलं. त्यांनी कर्सर जपून शेवटी नेला, बटण दाबलं आणि टोमण्यासाठी पडद्याकडे डोळे लावले. नाव मुकाट जागेवर बसलं. पडद्यावर दुसरं काहीच आलं नाही.

रंगरावांचा चेहरा उतरला. "पूर्वा, हे आज काहीच कसं बोललं नाही गं?"

"बाबा," पूर्वा म्हणाली, "पेठेत याला कौतुक म्हणतात."