चंद्रकला हत्तिणीच्या भयाची हकीकत

ज्याने जीवमात्रास स्मरण दिले त्यास नमन करोन, जे या डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिते. शके सोळाशे त्रेपन्न, विरोधकृत नाम संवत्सर, दसऱ्याचे दिवशी महाराज चंद्रकला हत्तिणीवर अंबारीत बसोन सीमोल्लंघनास निघाले, आणि नगारखान्याच्या दरवाजाशी येताच नगारा झाला, आणि हत्तीण किंकाळी फोडोन माघारी फिरली, आणि अंबारी कलंडोन छत्र धुळीत पडले. मोठा अपशकुन मानिला. हुकूम जाहला की, आठ दिवसांत हत्तीण नगारा वाजत असता या दरवाजातून न गेली तर भाल्यांनी मारावी. मी तेव्हा पीलखान्यात, म्हणजे हत्तींचे ठाणात, वैरणीवर होते. चंद्रकला माझे हातचा ऊस खात असे. माहूत हसनजी याने तिजला पिलू होती तेव्हापासून वाढविले, तो अन्न सोडोन बसला. दुसरे माहूत म्हणाले, "काय हसनजी, तुमच्या लाडकीस दरवाजा अरुंद झाला की काय?" तो तिचे पायाशीच बसोन राहिला.

मग वैद्य नारोभट यांस बोलाविले. महाराज म्हणाले, "वैद्यबुवा, जनावर सोंग करते." वैद्य म्हणाले, "महाराज, आधी पाहतो, मग बोलतो." मग त्यांनी हत्तिणीसह नगारा माळावर नेवविला आणि वाजविला, तो हत्तीण थरथरोन पुढचा उजवा पाय उचलोन उभी राहिली. मग नगाऱ्यावाचोन दरवाजाशी आणिली, तरी अडली. मग सनई लावोन दुसऱ्या दरवाजाने नेली, तो ऊस खात सुखे गेली. मग पाय धुवोन पाहिला, जखम भरलेली. नारोभटांनी विचारिले, "हसनजी, हा पाय कधी दुखावला?"

"श्रावणात तळवा सडला होता, भटजी. आपण परगावी होता. मीच तापली सळई लाविली. तीन दिवस."

"कोठे?"

"नगारखान्याच्याच दरवाजाखाली. पाऊस होता, वर छप्पर."

"आणि नगारा?"

"तिची ओरड राणीवशात जाऊ नये म्हणोन डागतेवेळी नगारा वाजवायचा, ही पीलखान्याची जुनी चाल. दया म्हणोन करतो आम्ही."

नारोभटांनी तो भरलेला व्रण बोटाने दाबोन पाहिला. मग म्हणाले, "दया राणीवशावर जाहली. हिने तो आवाज आणि ती जागा आणि ती आग एकत्र बांधोन ठेविली. गाठ बांधली तुमच्या हाताने, आता तुम्हीच सोडवा."

मग दूरवर नगारा हलका वाजे आणि मी ऊस देई, आणि पाय उचलला की नगारा थांबे, आणि रोज थोडे जवळ येत असू. सातवे दिवशीही ती दरवाजाशी अडली. आठवे दिवशी भालाईत उभे राहिले, महाराज सज्जात आले आणि नगारा झाला. चंद्रकलेने पाय उचलला. तेव्हा हसनजी मानेवरोन उतरला आणि जेथे डागले त्याच जागी उभा राहोन त्याने दोन्ही तळहात तिजपुढे पसरले आणि म्हणाला, "बघ बाई, सळई नाही." तिने सोंडेने ते हात चाचपिले, पुन्हा चाचपिले, मग पाय खाली ठेविला आणि त्याचे मागोमाग दरवाजातून निघोन गेली.

पुढे महाराजांनी ती चाल मोडिली. हसनजीने मरेतो लोखंड हाती धरिले नाही. नारोभट दोन वर्षांनी वारले. त्यांनी याविषयी लिहिलेले टिपण वाळवीने खाल्ले. चंद्रकला त्यानंतर एकोणीस वर्षे जगली, आणि त्या दरवाजाशी दर खेपेस पाय उचलोन क्षणभर थांबे, हसनजीचे हात पाही, मग जाई. आता नगाराही नाही आणि ती माणसेही नाहीत. मी मात्र त्या वाटेने गेले की अद्याप थांबते. भय गेले नाही, त्याचे शेजारी विश्वास येऊन बसला, इतकीच हकीकत.