अकरावा फ्रिज

योगिनीचा प्रबंध अकरा फ्रिजांवर अडला होता.

प्रबंधाचं नाव भारदस्त होतं, ‘आंतरराष्ट्रीय राजकारण, जागतिक व्यापार आणि डोंगराळ खेड्याचा आर्थिक विकास’. ते तिनं एका दमात म्हणून दाखवलं की वाडीतल्या म्हाताऱ्या तिची दृष्ट काढायच्या. पण तिसऱ्या प्रकरणात तिनं लिहिलं होतं, की टोकावड्याच्या आतल्या अंगाला असलेल्या तिच्या बत्तीस उंबऱ्यांच्या वाडीत अकरा फ्रिज आहेत. तिथंच तिच्या मार्गदर्शक डॉ. दामिनी मॅडम यांचं घोडं पेंड खात होतं.

“अकरा? मागच्या सर्व्हेत तर एकही नाही,” मॅडम म्हणाल्या. “घरी बसून आकडे भरलेस का गं?”

हा शब्द योगिनीच्या फार जिव्हारी लागला. खरं तर तिच्याइतक्या कष्टानं आकडा कुणी काढला नसेल. ती कागद-पेन घेऊन फिरलीच नव्हती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फिरली होती. फ्रिज असणाऱ्यानं पाहुणीला साधा चहा देणं वाडीत कमीपणाचं. त्यामुळे ऐन थंडीत अकरा घरी अकरा ग्लास थंड सरबत तिनं रिचवलं आणि पुढचे चार दिवस तिचा घसा बसला. आकडा मात्र चोख मिळाला.

“मी स्वतः येऊन बघते,” मॅडमनी निकाल दिला. “अकरा दिसले तर सही. नाही तर हे प्रकरण बाद, नवीन गाव शोधायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.”

एप्रिलातल्या एका सकाळी योगिनी मॅडमना आणायला मुरबाडच्या स्टँडवर गेली आणि इकडे तिच्या आईनं, वत्सलाबाईनं, पाण्यावर मोठ्या कौतुकानं सांगून टाकलं, “आज आमच्या योगूच्या मोठ्या बाई येतात. घरोघर फिरून तपासणार हायत.”

‘तपासणार’ म्हटल्यावर सगळ्यांचे हंडे तिथंच राहिले. दोन वर्षांपूर्वी महिपतचं नाव घरकुलाच्या यादीतून गेलं होतं, कारण सर्व्हेवाला आला तेव्हा त्याची नवीकोरी मोटरसायकल ओटीवर उभी होती. तेव्हापासून वाडीनं कानाला खडा लावला होता. फाइलवाला माणूस आला की घरात मडकं आणि माणूस, एवढंच दिसलं पाहिजे.

मॅडम गाडीतून उतरल्या त्या डोक्याला रुमाल बांधूनच. योगिनी म्हणाली, “आधी घरी चहा घेऊ या.”

“चहा नंतर. आधी घरं.”

पहिलं घर धोंडीबाईचं. योगिनी हसतमुखानं आत शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. फ्रिजच्या जागी तांदळाची कोठी होती.

“आजी, फ्रिज कुठाय?”

“कसला फ्रिज गो?” धोंडीबाईनं डोळ्याला पदर लावला. “आमी गरीब. आमी माठातलं पाणी पितो.”

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. नामाच्या भिंतीवर स्टॅबिलायझर तेवढा राहून गेला होता. मॅडमनी त्यावर बोट ठेवल्यावर नामा म्हणाला, “ते देवाच्या लाइटचं हाय.” आणि खात्री पटावी म्हणून त्यानं त्याला दोन उदबत्त्या लावल्या.

सकुबाईनं पन्ह्याचा ग्लास पुढे केला, त्यात बर्फाचा खडा तरंगत होता. योगिनीच्या जिवात जीव आला.

“हा बर्फ कुठून आला?” मॅडमनी विचारलं.

सकुबाईनं वर बोट दाखवलं. “गारा पडल्या ना बाई काल!”

मॅडमनी वर बघितलं. आभाळ महिनाभर घासूनपुसून ठेवल्यासारखं कोरडं होतं. पण त्यांनी वहीत ‘गारपीट’ असं लिहून घेतलं. या मॅडमनी आयुष्याची वीस वर्षं एकाच विषयाला दिली होती, देश आपली शस्त्रं तपासनीसांपासून कशी लपवतात. त्यावर त्यांची तीन पुस्तकं होती. पण सारवलेल्या जमिनीवर उमटलेल्या फ्रिजच्या चार पायांच्या ताज्या खुणा त्यांना एकाही घरात दिसल्या नाहीत.

कमळूच्या घराला कुलूप होतं, तो ओढ्यापलीकडे रानात गेला होता. म्हणजे ते सोडून दहा घरं झाली आणि फ्रिज शून्य. मॅडमनी वही मिटली.

“योगिनी, मला वाईट वाटतं. पण हे प्रकरण...”

“मॅडम, आता तरी चहा घ्या,” योगिनी कशीबशी म्हणाली. तिला रडायचं होतं आणि त्यासाठी आईचं घर बरं होतं.

दार ढकललं तर ते निम्मंच उघडलं. आतून वत्सलाबाई ओरडली, “कोण गो? आडवी होऊन ये!”

दोघी आडव्या होऊन आत गेल्या. ओटीवर चार फ्रिज, मधल्या घरात तीन, चुलीपाशी दोन, आणि एक देव्हाऱ्यासमोर, त्याच्यावर हळदीकुंकू. वत्सलाबाई मधोमध स्टोव्हवर चहा करत होती. जिची पोरगीच सर्व्हे करते तिचं घर कोण तपासणार, असा वाडीनं साधा सरळ हिशेब केला होता, आणि वत्सलाबाईला नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं.

मॅडमना बघून ती सवयीनं म्हणाली, “आमच्याकडं कायच नाय बाई. नुसतं मडकं हाय.”

आणि गंमत म्हणजे ते अगदी खरं होतं. त्या दहांतला एकही तिचा नव्हता.

मॅडमनी एकेका फ्रिजवर हात ठेवत मोजायला सुरुवात केली. “आठ, नऊ, दहा.” त्या वळल्या. “दहाच आहेत, योगिनी. तू अकरा लिहिलेत.”

योगिनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. एवढ्यात अंगणात घुंगरं वाजली. बैलगाडी थांबली, गाडीत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं आणि त्याला धरून घामाघूम झालेला कमळू ओरडत होता, “वत्सलाकाकू, दार उघड लवकर! मला आत्ता कळलं. ती तपासणीवाली कुठवर आली?”

“इथवर,” दारातून मॅडम म्हणाल्या.

कमळूनं गोधडी आणखी घट्ट ओढली. “आजीला घेऊन आलोय, मॅडम. तापलीय.”

“आजीची वायर लोंबतेय,” मॅडम म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. इतक्या, की त्यांना ओटीवर बसावं लागलं. योगिनीनं त्यांना तीन वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. तिलाही हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

तिसऱ्या प्रकरणावर सही झाली ती धोंडीबाईच्या फ्रिजच्या डोक्यावर कागद ठेवून. सकुबाईनं या वेळी बर्फ घातलेलं पन्हं उघडपणे आणलं. महिपतनं दहादा विचारून घेतलं, की हे कुठं वर कळवणार नाय ना, आणि मॅडमनी दहादा नाही म्हटलं.

गाडीत बसण्याआधी त्यांनी योगिनीला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

“पुढच्या महिन्यात आपल्या विभागाची तपासणी आहे. आपल्याकडे उलटं असतं, नसलेलं दाखवावं लागतं. शेजारच्या विभागातून वीस कॉम्प्युटर एका सकाळीत आणून, संध्याकाळी परत पोचवायचे. हा कमळू जमवील का?”

कमळू मागेच उभा होता. त्यानं बैलांकडे बघितलं, मान हलवली. “जमंल मॅडम. पण त्याला टेम्पो लागंल. आणि गोधड्या तुमच्या.”