परसातली येळवस

बसवकल्याणला कारकून म्हणून लागल्यापासून सहा वर्षं ज्ञानोबा येळवशीच्या अमावास्येला बायकोसह थोरल्या भावाच्या शेतात, राजेश्वरला, जेवायला जात होता. सातव्या वर्षी सणाच्या आधीच्या बाजारी हे भाऊ, उद्धवराव, ऑफिसात डोकावले आणि सहज म्हणाले, "तुझ्या घरी कधी खायाचं रं आमी?"

समोर दोन शिपाई बसले होते. ज्ञानोबाच्या तोंडून निघून गेलं, "औंदा माझ्याकडंच या, अण्णा. समदे या!"

"कामून बोललात असं?" बायकोनं, सत्यभामाबाईनं, घरी विचारलं. "येळवस घरात करतेत व्हय? शेत कुठाय आपलं?"

"परस हाय की."

(परस म्हणजे भाड्याच्या घरामागची, एक शेवगा आणि एक धुण्याचा दगड मावेल एवढी जागा.)

त्याच संध्याकाळी घरमालक रेवणसिद्धप्पा बोलवायला आले. "सर, येळवशीला आमच्या शेतात या."

"जमायचं न्हाई, अप्पा," ज्ञानोबा छाती पुढं काढून म्हणाला. "यंदा आमच्याच घरी पंगत हाय."

सत्यभामाबाई दोन दिवस चुलीपुढून हलली नाही. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे दाणे सोलून पातेलंभर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या घागरीत ताकातली आंबट आंबील. ज्ञानोबानं फक्त पूजेची खोप उभी केली. कडब्याच्या आठ पेंढ्या सुतळीनं बांधल्या. खोप एका अंगाला कलली, तिला वाळवणाच्या काठीचा टेकू दिला. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडले आणि पुढ्यात आंबिलाची घागर ठेवली. मग तो खोपीभोवती हिंडून तिच्याकडं बघत राहिला. सहा वर्षांत ऑफिसातली एकही फाईल त्यानं इतक्या मायेनं बघितली नव्हती.

अकराच्या सुमाराला बैलगाडी आली. गाडीत माणसं नऊ.

"अण्णा, आज तुमी पावणे. बैल मी बांधतो."

"दावं आखूड बांध."

"मला सांगायलाव व्हय? लहानपणी मीच सोडत होतो बैल."

(सोडत होता, हे खरं. बांधायचं काम अण्णांकडं असायचं.)

चार कोस चालून आलेली जनावरं, म्हणून त्यानं बैल शेवग्याला चांगले ऐसपैस बांधले आणि पाहुण्यांना चहा द्यायला आत गेला. दुसरा कप भरतोय तोवर परसात धप्पकन काहीतरी पडलं.

खोपीच्या जागी फक्त वाळवणाची काठी उरली होती. मुंगळ्या बैलाच्या तोंडातून सुतळी लोंबत होती. हरण्या फुटक्या घागरीच्या तळाला जीभ लावत होता. ज्ञानोबा "हौ हौ" करत धावला आणि आंबिलावरून घसरून थेट पांडवांच्या मधोमध बसला.

"आंबिलाबिगर येळवस?" उद्धवराव म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले.

ज्ञानोबा तांब्या घेऊन शेजारी पळाला. कुलूप. पलीकडं कुलूप. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात असतं. गल्लीच्या टोकापर्यंत पळून त्याला एक कुत्रं भेटलं, आणि त्याच्या पॅंटीच्या वासानं ते परत घरापर्यंत सोबत आलं.

दुसरी पॅंट धोब्याकडं होती. उद्धवरावांनी गाडीतलं आपलं जास्तीचं धोतर आणि डोईला बांधायचा रुमाल दिला. तो नेसून बाहेर येतो तर सत्यभामाबाई भज्जीचं पातेलं गाडीत चढवत होती.

"कुठं?"

"अप्पाच्या शेतात. दुसरीकडं कुठं शेत हाय का तुमचं?"

"मी न्हाई म्हणून सांगितलंय त्यान्ला!"

"मग तुमी ऱ्हावा घरी. कुत्रं हाय सोबतीला."

गाडीत जागा नव्हती. ज्ञानोबा बैलांचे कासरे धरून पुढं चालत निघाला. वाटभर त्यानं रेवणसिद्धप्पांना काय सांगायचं याची तीन वाक्यं जुळवली. पण गाडी बांधावर दिसताच ते, "बर्री, बर्री! या, या!" म्हणत सामोरे आले. त्यांनी काहीच विचारलं नाही, आणि ज्ञानोबाची तिन्ही वाक्यं तशीच राहिली.

आंब्याखाली पंगत बसली. सत्यभामाबाईची भज्जी लोकांनी मागून मागून खाल्ली, अप्पांकडची आंबील ओंजळीनं प्याली. ज्ञानोबाला मात्र बसवेना. त्यानं बैलांना पाणी दाखवलं, पत्रावळी उचलल्या, विहिरीवरून चार खेपा केल्या. रेवणसिद्धप्पांची म्हातारी आई बारा महिने शेतातच राहायची. भाडेकरू साहेबाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. शेवटी उद्धवरावांजवळ येऊन बसली.

"गडी लई गुणाचा हाय तुमचा. सालाला काय देता त्याला?"

उद्धवरावांनी घास गिळला आणि भावाकडं पाहिलं.

"पैसे न्हाईत, अव्वा. पोटावर हाय."

"आन आज तर तेबी तुमच्याकडंच, अव्वा," सत्यभामाबाई म्हणाली आणि नवऱ्यापुढं पाण्याची रिकामी घागर सरकवली.