बटाट्यांचे पांघरूण

मुलांनो, एका जंगलात कंटकराव शूलपाणी साळिंदर, वय वर्षे चौदा, या नावाचे एक गृहस्थ राहत असत. साळिंदरांमध्ये हे वय आजोबांचे समजतात.

जंगल उंच डोंगरावर होते. पौषात तेथे हरणाच्या पोटाला लागेल इतका बर्फ साचे.

कंटकराव एक वर्ष बटाटे लावीत, दुसऱ्या वर्षी वाटाणा पेरीत. काढणीच्या वेळी नजरचुकीने राहिलेले बटाटे मातीत हिवाळा काढीत आणि पुढे वाटाण्यातून डोके वर काढीत. गेल्या खेपेस या बटाट्यांनी सारा वाटाणा दडपून टाकला होता. महाराज बिबट्यांनी बजावले होते, "यंदा वाटाण्यात एक जरी बटाटा उगवला, तर शेत रानडुकराला देऊ."

कंटकराव कृषिमंत्री अस्वलांकडे गेले. मंत्री हिवाळी निद्रेच्या तयारीत होते.

"साहेब, शेतावरचा बर्फ बाजूला सारण्याची परवानगी असावी. माती उघडी पडली की गारठा हातभर खोल उतरेल. बटाटे जागच्या जागी गोठतील."

"कंटकराव, बर्फ थंड असतो की गरम?"

"थंड असतो, साहेब. परंतु..."

"मग तो काढून गारठा कसा वाढेल? उलट आणखी टाका." मंत्र्यांनी जांभई देत आदेश लिहिला : प्रत्येकाने आपल्या शेतावर शंभर टोपल्या बर्फ टाकावा. बर्फ सर्वांत जवळच्या ठिकाणाहून आणावा.

मग ते गुहेत जाऊन झोपले. गुहेच्या तोंडावर आणि माथ्यावर बर्फाचा जाड थर साचला. आतून सुखाचे घोरणे ऐकू येऊ लागले.

कंटकरावांनी आयुष्यात कधी आदेश मोडला नव्हता. त्यांनी दोरीने अंतरे मोजली. सर्वांत जवळचे ठिकाण, शेताच्या बांधालाच लागून, मंत्र्यांची गुहा निघाले. त्यांनी टोपली उचलली.

एकाहत्तराव्या टोपलीला घोरणे थांबले. ब्याण्णवाव्या टोपलीला मंत्री दात वाजवीत बाहेर आले.

"माझे पांघरूण कोणी नेले?"

"बटाट्यांवर घातले, साहेब. आदेशाप्रमाणे."

मंत्र्यांनी शेतावरच्या ढिगाकडे पाहिले. मग म्हणाले, "तिकडे बटाटे उबेत असतील."

"घोरत असतील, साहेब."

"काढा ते पांघरूण. सगळे काढा. आणि आधी माझे परत आणा."

त्याच दुपारी शेत उघडे पडले. गारठा मातीत उतरला. चैत्रात पेरलेला वाटाणा कंबरभर वाढला आणि महाराजांना शोधूनही त्यात बटाट्याचे पान सापडले नाही. मंत्र्यांना त्यांच्या या शोधाबद्दल शाल देण्यात आली.

तेव्हापासून त्या जंगलात दर पौषात शेतांवरचा बर्फ बाजूला सारतात, आणि तो मंत्र्यांच्या गुहेवर नेऊन टाकतात.

तात्पर्य : दुसऱ्याचे पांघरूण ओढू नये, असे थोर लोक सांगतात. सांगताना ते पांघरुणातच असतात.