साडेएकोणीस मिलिमीटरचा घरमालक

गुणवंतभाऊ झाडे आमच्याकडे खोली बघायला आले, तेव्हा त्यांनी आधी खोली बघितलीच नाही. मला बघितलं. डोक्यापासून चपलेपर्यंत, एक डोळा मिटून. मग खिशातून डायरी काढून काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "साडेएकोणीस मिलिमीटर."

"काय?"

"काई नाई जी सर. खोली दाखवा."

एवढ्यावर कुठल्याही शहाण्या घरमालकानं फाटक लावून घेतलं असतं. मी चहा सांगितला. चहा घेऊन आमची सुनंदा बाहेर आली, तर भाऊंनी पुन्हा एक डोळा मिटला. "वहिनी साडेसतरा."

सुनंदानं मला आत बोलावलं. "अहो, हा बावा आपलं माप काऊन घेऊन राह्यला? अन् कशाचं?" त्या 'कशाचं'मध्ये पुरायच्या खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही आली होती.

आमचं घर बोरगाव मेघेला. ते बांधताना मी स्वतः देखरेख केली, म्हणून पायरी राहूनच गेली. नंतर रस्ता उंच झाला आणि आता फाटकापासून मागच्या खोल्यांपर्यंत सगळं एका पातळीत आहे. पावसाळ्यात नालीचं पाणी न विचारता आत येतं. या एका कारणावरून पाच भाडेकरू परत गेले होते. गुणवंतभाऊंनी मात्र दारात उकिडवं बसून फरशीवर पट्टी ठेवली, एका डोळ्यानं पाहिलं आणि खूश झाले. "पायरी नाई, उंबरठा नाई. बेस हाये!" नळाला पाणी येतं का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आता सांगा, संशय घ्यायला आणखी काय लागतं? तरी मी किल्ली दिली. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते, बायको वारली, मुलगी सासरी. साधा माणूस वाटला. मला सगळेच साधे वाटतात.

सामान आलं ते असं: एक खाट, एक शेगडी, दोन भांडी आणि दारातून आडवं करून आत न्यावं लागलेलं भलंमोठं टेबल. खाट गेली स्वयंपाकाच्या ओट्याजवळ. हवेशीर, मोठी खोली मिळाली टेबलाला. माणूस शेगडीपाशी झोपतो आणि टेबल खिडकीत राहतं, हे पाहून मी चौकशी केली, तर म्हणाले, "मापात राह्यलं पाह्यजे सर. मले कितीक जागा लागते?"

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. टेबलाच्या कडेनं आठ प्लग, वर सहा ट्यूबलाइट, खिडकीच्या वर धुराड्यासारखा मोठा पंखा, आतली हवा बाहेर फेकणारा. फ्रिज नाही, टीव्ही नाही, पण पंखा पाहिजे. मग कुरियरनं खोकी येऊ लागली. त्यांत काय असेल हे बघायची मला अजिबात इच्छा नव्हती. एक खोकं माझ्या हातून आपोआप उघडलं. आत बोटाएवढ्या बाटल्या, इंजेक्शनची सुई, डॉक्टरकडे असतात तशी पाती आणि तोंडाला बांधायचा मुखवटा.

आणि चौथ्या दिवशी वास आला.

आमच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे इथली नाकं फार तयार. जिथं दारू उघड विकली जाते, तिथं वासाकडे कोण लक्ष देतो? इथं मात्र गल्लीत कुणी होमिओपॅथीची गोळी घेतली तरी तीन खिडक्या उघडतात. हा वास गोडसर, झणझणीत, थेट कपाळात जाणारा होता. पंखा तो आमच्याच खिडकीत फेकत होता.

"हातभट्टी," सुनंदा म्हणाली.

"हातभट्टीला एवढ्या ट्यूबलाइट कशाला?"

"मंग विलायती. बाटल्या भरून राह्यला असन. पोलिसं आले त घर कोनाच्या नावावर हाये?"

"तुझ्या."

"म्हनूनच त सांगून राह्यली!"

त्या दिवसापासून मी पाळत ठेवली. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी, निरीक्षण म्हणजे माझा हातखंडा. मागच्या बाजूच्या तुळशीला दिवसातून आठ वेळा पाणी घातलं. तुळस सडली, पण खिडकीतून बरंच दिसलं. टेबलाच्या मधोमध चादरीखाली काहीतरी झाकलेलं. एका बाजूला स्टूल आणि उजव्या हाताला ओळीनं मांडलेली हत्यारं: चिमटे, कानशी, पाती. समोरच्या बाजूला दिवा, भिंग आणि तीच सगळी हत्यारं दुसऱ्यांदा, पण डाव्या हाताला. आणि तिथं बसायला काहीच नाही. स्टूल नाही, खुर्ची नाही, नुसती मोकळी फरशी.

मी सुनंदाला सांगितलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "उभ्यानं पेनारं गिऱ्हाईक येत असन."

त्याच आठवड्यात भाऊंच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या दिसल्या. माणूस उजव्या हातानं काम करणारा, मग पातं धरायची तीच तीन बोटं, अंगठा, तर्जनी आणि मधलं, डाव्या हाताची कापतात कशी? विचारलं, तर म्हणाले, "शिकून राह्यलो जी." या वयात, डाव्या हातानं, बंद खोलीत! सुनंदानं नोटीस माझ्याकडूनच लिहून घेतली: आठ दिवसांत खोली रिकामी करावी.

ती नोटीस घेऊन मी भरदुपारी गेलो. नोटीस डाव्या खिशात होती. उजव्या खिशात खारे शेंगदाणे होते. ते का होते, यावर मी आजवर सुनंदाला नीट उत्तर दिलेलं नाही.

दार उघडं होतं, भाऊ मोरीत हात धूत होते. टेबलाच्या कडेला स्टीलची वाटी, तळाशी पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. अनोळखी द्रव कधीही चाखून पाहू नये, हे मी छत्तीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दिलं. इथं मी बोट बुडवलं आणि चाटलं.

"सर! थिनर हाये थे!" भाऊ ओले हात घेऊन धावले. "बुरूश धुवाचं! थुका, थुका पह्यले!"

मोरीत चुळा भरता भरता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जिभेला पुढचे दोन दिवस चव नव्हती. सुनंदाच्या मते अक्कल त्याआधीच गेली होती. भाऊंनी पाठ थोपटली, गूळ दिला आणि बहुधा दया येऊन टेबलावरची चादर काढली.

खाली अख्खी जिनिंग होती. पत्र्याची शेडं, वजनकाटा, चिमणी, रुईच्या गाठी. कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग फाटकाबाहेर थेट टेबलाच्या कडेपर्यंत. बैलांची शेपटं वेगवेगळ्या बाजूंना उडालेली. ज्वारीच्या चार दाण्यांएवढ्या उंचीची बाई डोक्यावर टोपलं घेऊन थबकलेली.

"सत्त्याऐंशी पट लहान," भाऊ म्हणाले. "एका मीटरचं साडेअकरा मिलिमीटर. मानूस दिसला का मी भागूनच टाकतो, सवय लागली. मापात राह्यलं का मंग समदं खरं वाटते."

माझी जीभ जड होती, संशय हलका झाला नव्हता. मी मोकळ्या फरशीकडे बोट केलं. "अन् हितं? हितं कोन येते?"

भाऊंनी तिथला चिमटा उचलून पुन्हा होता तिथंच ठेवला.

"नामदेव," ते म्हणाले. "माह्या जोडीचा फिटर. एका पाळीत एकतीस वर्स. जिनिंग बंद झाली, पत्रे उतरवून राह्यले व्हते, तवा आमी दोघांनी समद्याचं माप घेतलं. टेपाचं एक टोक त्यानं धरलं, एक म्या. रिटायर झाल्यावर दोघं मिळून बनवू म्हनलं व्हतं. मंग त्याले लकवा झाला. उजवा हात गेला, पाय गेला. चाकाच्या खुर्चीवर असते हिंगणघाटले."

"म्हणून हत्यारं डावीकडं."

"एकट्या डाव्या हातानं जमते का नाई, पाहाव लागते ना पह्यले मले. जमते. बोटं कापते थोडी, पन जमते." पट्ट्यांची बोटं त्यांनी मुठीत लपवली. "अकरा खोल्या पाह्यल्या म्या. समद्याइले पायरी."

"मग येत काऊन नाही ते?"

"नाई म्हन्ते. फोन केला त म्हन्ते, माह्या हाताचा तमाशा काऊन करून राह्यला? आता उचलत नाई."

खिशातली नोटीस मला टोचत होती. मी म्हटलं, "नंबर सांगा. माह्या फोनवरून लावू."

आयुष्यात मी बहुतेक फोन चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसाला केले. हा त्यातलाच नसेल, असा काही विश्वास वाटत नव्हता. पलीकडून जड, अडखळता आवाज आला. मी वर्गात वापरायचो तो आवाज काढला. "मी गुणवंत झाडेंचा घरमालक बोलून राह्यलो, बोरगाववरून. ह्या मानसानं माह्या घरात दारूची भट्टी लावली असा मले संशय हाये. आजच खोली खाली करून घेतो."

"दारू?" पलीकडचा आवाज एकदम जागा झाला. "गुन्या? त्याले त सोड्यानं ठसका लागते, साहेब!"

"तुम्ही म्हन्ता. मी कसा विश्वास ठेवू? कोन्या ओळखीच्या मानसानं इथं येऊन, सोताच्या डोयानं टेबल पाहून सांगाव लागन. नाई त नोटीस तयार हाये."

नोटीस खरोखरच तयार होती, म्हणून खोटं बोलताना आवाज कापला नाही.

पंखा फिरत होता. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते, बंड्यांच्या रांगेकडे बघत होते. मग फोनमधून एकेक शब्द आला.

"टेबल... किती... उंच हाये?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्या खोलीतल्या बैलाच्या शिंगाचंसुद्धा माप त्यांना पाठ होतं. पण खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत ते भिंतीकडे वळले. मग मीच टेप घेतला, फरशीपासून वरपर्यंत ताणला आणि फोनमध्ये ओरडलो, "तीस इंच!"

"वरच्या कडेचं नाई, सर," भिंतीकडे तोंड करूनच भाऊ म्हणाले. "फळीच्या खालच्या कडेचं माप घ्या. त्याचे गुडघे खालून जातीन."