यात बुरशी कोण?

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कोलोनच्या सुमतीमावशी बेकर यांचा. एखाद्या लग्नाच्या स्वागतसमारंभात नवरानवरीपुढे उभं राहून, "छान. यात बुरशी कोण आणि शेवाळ कोण?" असं गंभीरपणे विचारणाऱ्या बाई तुम्हाला भेटल्या, तर त्याच त्या.

मावशी मूळच्या पुण्याच्या. शिकायला जर्मनीत आल्या, बँकेतल्या डीटरशी लग्न केलं आणि विद्यापीठात जन्मभर दगडफुलांचा अभ्यास केला. दगडफूल म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यात पडतं तेच. आपल्याला ती एक वस्तू वाटते. मावशींच्या मते ते बिऱ्हाड असतं. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. त्यांची लाडकी जात आल्प्समधली, झाफ्रानफ्लेश्टे, म्हणजे केशरी दगडफूल. बर्फ उशिरा वितळतो अशा जागी ती मातीला चिकटून वाढते. वरून मळकट, उलटी केली की केशरी. तिच्यात निळसर जीवाणूही राहतात आणि हवेतलं नत्र पकडून घराला खत पुरवतात. "हे बोलत नाहीत," मावशी म्हणत, "पण घर यांच्यावर चाललंय."

महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना त्या एकदा तोंडावर 'तुम्ही अगदी बुरशी' म्हणाल्या. गणपती होईपर्यंत अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. मावशींच्या लेखी तो बहुमान होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. किनवटहून इथे पुढच्या शिक्षणाला आलो तेव्हा खोली मिळेना, आणि पत्ता नाही म्हणून आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी नोंदणी, होईना. कुणीतरी मावशींकडे पाठवलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओलावा चालतो का?"

"चालतो."

"मग राहा."

पहिल्याच दिवशी चहाच्या आधी सूक्ष्मदर्शक पुढे आला. आत आठ पायांचं, अस्वलासारखं काहीतरी डुलत चाललं होतं.

"दगडफुलातले आहेत. तुझ्याआधीचे भाडेकरू. पाणी नसलं की गोळा होऊन पडून राहतात, थेंब मिळाला की उठून कामाला लागतात. तक्रार नाही. गेनाऊ, अगदी अस्संच वाग."

मी तसं वागायचा प्रयत्न केला. माझं मोडकं जर्मन त्यांनी भांडी घासता घासता सुधारलं, प्रबंधाची दुरुस्ती केली, मुलाखतीच्या सकाळी माझे बूट पुसले. नोकरी लागल्यावरही मी ती खोली सोडली नाही.

यंदा आई आली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या बाई काय करत होत्या रे?"

"दगडफुलाच्या डॉक्टर होत्या."

"दगडफुलाला काय होतंय?"

तरीही दोघींचं जमलं. आई मराठवाड्याचं बोले, मावशी पुण्याचं, मध्ये 'या, या' असा जर्मन होकार. एका शनिवारी आईनं काळा मसाला करायला घेतला आणि वांग्याचा रस्सा केला. मावशींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"अहो, दगडफूल कुठे मिळालं तुम्हाला? इथल्या दुकानात तर संपलंय."

"हे काय, तुमच्याच खणात होतं की, बाई. कागदाच्या पुडीत. पण त्याला वासच न्हाई. म्हून समदं घातलं."

मावशींचे नमुने कोरडे राहावेत म्हणून चुलीशेजारच्या खणात असत, हे मला माहीत होतं. माझा घास तोंडातच राहिला. "मावशी, हे विषारी..."

"खाऊन कोणी मेल्याचं ऐकलेलं नाही," मावशी शांतपणे म्हणाल्या. "खाल्ल्याचंही ऐकलेलं नाही." आणि त्यांनी ताट पुढे केलं. "ताई, अजून वाढा."

आई खूश झाली. मावशींनी वाटी बोटानं निपटून घेतली.

नंतर भांडी पुसताना त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "आल्झो, तर मग, तुझ्या आईला सांगायचं नाही. ते डीटरनं काढलेलं होतं, तो गेला त्याआधीच्या आमच्या शेवटच्या फेरीत. त्याला एका जातीचं नाव धड सांगता यायचं नाही. पण केशरी दिसलं की हाक मारायचा, 'सूमी, इकडे.' डोंगरावरच्या गाई वळून बघायच्या."

"मी दुसरं आणून देतो."

"तोडायचं नाही. बंदी आहे तिथे, आणि वाढायला आयुष्य जातं त्याचं."

"मग तुम्हीच चला वर. बघायला तरी."

त्यांनी वाटी जागेवर ठेवली. "एकटीला सापडलं तर हाक कुणाला मारू? नको."

उन्हाळ्याची सुट्टी लागली तसा मी आईला घेऊन आल्प्सच्या डोंगरात, आल्गॉयला गेलो. आईला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलं नाही. मावशी फोन उचलत नाहीत, म्हणून तिथून हे पत्र टाकलं.

"ती. सुमतीमावशींना साष्टांग नमस्कार.

आई रडली, मग माझ्यावर चिडली, मग तिनं पदर कमरेला खोचला आणि निघाली. रोपवेच्या डब्यात तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. वर पायवाट सोपी आहे, तुमच्या गुडघ्यांना जमेल अशी. बर्फाच्या कडेला ती माझ्या आधी खाली बसली. काडीनं कड उचलून बघितली आणि ओरडली, 'दत्ता, हे बघ, तुझ्या मावशीचं.' एक जर्मन जोडपं धावत आलं, त्यांना वाटलं पडली. तिनं त्यांनाही दाखवलं, मराठीत. त्यांना कळलं असावं, कारण दोघं बराच वेळ वाकून बघत होते.

तोडलं नाही. तुम्ही आल्याशिवाय नाव नक्की म्हणता येणार नाही, कदाचित दुसरंच काही असेल. आई म्हणते, बाईंनी येऊन सांगावं, आणि चुकलं असेल तर रागवावं.

आम्ही रविवारपर्यंत आहोत. गाडी थेट आहे, स्टेशनवर मी उभा राहीन. खोलीत तीन खाटा आहेत. तिसरीवर सध्या आमच्या पिशव्या आहेत, त्या काढतो.

आपला,
दत्ता"